धाकटी टीव्हीवर येणार

घड्याळजींनी टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढला, मागच्या फटीत डोकं घातलं आणि तिथूनच जाहीर केलं, "तीन भोकं आहेत. पिवळं, पांढरं, लाल."

"आणि दुकानातल्या मुलीने दिलंय ते कुठल्या भोकात जातं?" बायकोने विचारलं.

"कुठल्याच नाही."

बायकोने ती अंगठ्याएवढी काळी वस्तू उलटसुलट करून पाहिली. ही टीव्हीच्या मागे खोचली, की फोनवरचं सगळं टीव्हीवर दिसतं, असं दुकानातल्या मुलीने सांगितलं होतं. टीव्ही किती जुना आहे हे तिने विचारलं नव्हतं आणि घड्याळजींनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या मते तो जुना नव्हताच. चाळीस वर्षं लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून दिलेला माणूस. चालू वस्तू बदलायची, ही गोष्टच त्यांच्या गळी उतरत नसे. हा टीव्ही त्यांनी स्वतः चार वेळा उघडून दुरुस्त केला होता. मागून तो इतका फुगलेला होता, की पडद्यापेक्षा त्याची पाठच घरात जास्त जागा अडवायची.

"मग नवीनच घेऊ या का?" बायकोने जरा हळू आवाजात विचारलं.

"तुला बहीण बघायचीय की टीव्ही?"

"बहीण."

"मग झालं तर. तीही जुनीच आहे."

माहेरी दोघीच बहिणी. ही मोठी, ती धाकटी. दोघी सत्तरीला टेकल्या तरी नावं तीच राहिली. धाकटीने लग्न केलं नाही. गावच्या धक्क्यावर लाँचच्या तिकीटखिडकीत ती एकतीस वर्षं बसली, पलीकडच्या काठाला जाणाऱ्या हजारो लोकांना तिने तिकिटं फाडून दिली आणि स्वतः मात्र क्वचितच कुठे गेली. निवृत्त झाल्यावरही रोज पाचच्या लाँचला ती धक्क्यावर जायची, बाकावर बसायची, माणसं उतरताना बघायची आणि घरी परतायची.

दोघी बहिणींच्या मध्ये ती लाँच आणि पुढे दिवसभराचा बसचा प्रवास. मोठीच्या गुडघ्याचं बसच्या पायऱ्यांशी कायमचं बिनसलेलं. धाकटीला समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर ऐकू यायचं. फोन कानाला लावला, की नुसती शिट्टी. राहता राहिली पत्रं. "मी बरी आहे. तूही बरी असशील. इथे सगळं ठीक." बहिणीचं पत्र आहे की हवामानाचा अंदाज, तेच कळायचं नाही. एकमेकींचं तोंड पाहून सहा वर्षं झाली होती.

मग लाँच कंपनीने धक्क्यावर कॅमेरा बसवला. गर्दी किती आहे ते लोकांना घरबसल्या फोनवर दिसावं, एवढाच त्यांचा हेतू. ही बातमी मोठीला धक्क्यासमोरच्या औषधवाल्याने दिली. धाकटीचे निरोप फोनवरून पोचवायचं काम तोच करायचा. त्या दिवसापासून पाच वाजले, की मोठी खुर्ची खिडकीपाशी ओढून फोन डोळ्यांजवळ धरून बसू लागली. धाकटी दिसायची. म्हणजे बाकाच्या टोकाला एक तीळ यायचा, अर्धा तास थांबायचा आणि जायचा.

"ही बघा, आली!"

"कशावरून ती?"

"बसायच्या आधी बाक पुसला ना तिने."

तीळ बाक पुसतोय, हे घड्याळजींना काही केल्या दिसेना. एकदा त्यांनी डोळ्याला लावायचं आपलं भिंग मोठीला दिलं. भिंगातून तिला एक लाल, एक हिरवा आणि एक निळा ठिपका दिसला. बहीण पार नाहीशी झाली. मोठीने भिंग परत दिलं आणि काही बोलली नाही. ती बोलली असती, तर घड्याळजींनी वाद घातला असता. ती बोलली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले.

औषधवाल्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, मग गुरुवारी पाच वाजता मी त्यांना बाकावर बसूच देत नाही. थेट कॅमेऱ्याच्या खांबाखाली उभं करतो. तुम्ही मोठ्या पडद्यावर मनसोक्त बघा." गुरुवार ठरला. मोठीने टीव्हीची काच ओल्या फडक्याने पुसली. मग कोरड्या फडक्याने पुसली. मग पुन्हा ओल्या.

काळी वस्तू भोकात जात नाही म्हटल्यावर घड्याळजी मंगळवारी परत दुकानात गेले आणि एक डबी घेऊन आले. "हिला एका बाजूने नवीन भाषा कळते, दुसऱ्या बाजूने जुनी," त्यांनी दुकानातल्या मुलीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या डबीला वेगळी वीज लागत होती, काळ्या वस्तूला वेगळी, टीव्हीला वेगळी. आणि भिंतीत जागा एका पिनेची. घड्याळजींनी दुकानाच्या दिवसांतला लाकडी बोर्ड माळ्यावरून काढला. मग इंटरनेट. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ घड्याळजी नेहमी बघून द्यायचे. डॉक्टरांनी आनंदाने त्यांच्या वायफायचा पासवर्ड औषधांच्या चिठ्ठीवर लिहून दिला. अक्षर औषधांच्या चिठ्ठीसारखंच होतं, त्यामुळे तो लागायला संध्याकाळ झाली.

बुधवारी सगळं जोडल्यावर टीव्हीने "घुर्रर्र" असा आवाज काढला आणि पडदा काळाच राहिला.

"चिडलाय तो," मोठी म्हणाली.

"तो कशाला चिडेल? पिवळं आणि पांढरं पंचवीस वर्षांच्या धुळीत सारखंच दिसतंय." घड्याळजींनी दोन वायरींची अदलाबदल केली.

आणि धक्का आला. पडद्याच्या दोन्ही बाजू छाटलेल्या, तिकीटखिडकी अर्धीच. पण पाणी होतं, बाक होता. आणि पाच वाजता करंगळीएवढी धाकटी आली. तिने बाक पुसला. या खेपेला ते घड्याळजींनाही दिसलं.

मोठी बराच वेळ बघत राहिली. "हिचे केस पांढरे झाले हो."

"तुझेही झालेत."

"माझे मला रोज थोडेथोडे होताना दिसले. हिचे एकदम झाले."

गुरुवारी साडेचारलाच मोठी तयार होऊन टीव्हीसमोर बसली. कॅमेऱ्यातून आपण बहिणीला दिसणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने केस नीट विंचरले होते. तिने फोनवर बोट ठेवलं आणि थबकली.

"अहो, आज दोन दिसतायत."

"दोन काय?"

"काल फोनने एकच टीव्ही दाखवला होता. आज दोन दाखवतोय."

"आपला कुठला? नाव बघ ना."

"नाव कुठाय? दोन्हीकडे नुसते आकडे आहेत लांबलचक."

तिने पहिल्यावर बोट दाबलं. टीव्ही निळाच राहिला. तिने पुन्हा दाबलं. घड्याळजींनी मागे जाऊन तिन्ही वायरी हलवल्या. निळाच. तिने तिसऱ्यांदा दाबलं, या वेळी जरा जोरात.

बुधवारी दवाखाना बंद असतो, म्हणून काल यादीत एकच टीव्ही होता, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आज दवाखाना उघडा होता. तिथे बाहेर बसलेल्या माणसांचा जीव शांत राहावा म्हणून डॉक्टरांनी रंगीत मासे पोहत असलेला व्हिडिओ लावून ठेवलेला. एकाएकी मासे गेले आणि लाँचचा धक्का आला. नंबर लावणाऱ्या बाईंनी मासे परत आणले. धक्का आला. त्यांनी मासे आणले. पुन्हा धक्का. गाल सुजलेले एक गृहस्थ म्हणाले, "मासेच बरे होते हो." शेवटी त्या बाई जिना चढून वर आल्या.

"काकू," त्यांनी दारातूनच विचारलं, "आमच्या टीव्हीवर तुम्ही धक्का देताय का?"

घड्याळजींच्या डोक्यात उजेड पडला. "अगं, दुसऱ्या आकड्यावर दाब! पहिला त्यांचा आहे."

मोठीने घड्याळाकडे पाहिलं. पाचला सात मिनिटं कमी. घरातलं घड्याळ चुकीचं असण्याचा प्रश्नच नव्हता. "आणि इथे नाही आलं तर? आणि खालचंही गेलं तर?"

"येईल गं."

"तुम्ही सोमवारपासून 'येईल' म्हणताय. तिथे दिसतंय ना? मग तिथेच जाऊ."

"दोन जिने आहेत. गुडघा?"

"गुडघ्याला विचारलंय कोणी?"

तीन महिने घराबाहेर न पडलेली मोठी एका हाताने कठडा आणि एका हाताने नवऱ्याचा खांदा धरून दोन जिने उतरली. फोन तिने नंबर लावणाऱ्या बाईंच्या हाती दिला होता आणि "त्याला कुठेही बोट लावू नका" असं प्रत्येक पायरीवर बजावत होती.

दवाखान्यातल्या मोठ्या, सपाट टीव्हीवर धक्का काचेसारखा स्वच्छ दिसत होता. तिकीटखिडकी पूर्ण दिसत होती. खिडकीवरचा रंग बदललाय, हेही दिसत होतं. गाल सुजलेल्या गृहस्थांनी मोठीला समोरची खुर्ची दिली. एक बाई दाढ काढण्याआधी तोंड बधिर व्हायची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी "कोड येडाय?" असं विचारलं.

"माझी बहीण येणारे," मोठी म्हणाली.

पाच वाजले. धाकटी आली. बाकाकडे न जाता सरळ खांबापाशी आली, थांबली, पदर सारखा केला आणि मान वर करून हात हलवू लागली. पण तिची पाठ इकडे होती.

"अहो, ती दिव्याच्या खांबाकडे बघतेय!" घड्याळजी म्हणाले.

धाकटी दिव्याला हात दाखवत होती. मग दिव्याकडे बघून हसली असावी, कारण तिचे खांदे हलले. मोठीने भराभर नंबर लावणाऱ्या बाईंचा स्वतःचा फोन मागून घेतला आणि औषधवाल्याला लावला.

"अरे, तिला सांग, तो दिवा आहे! कॅमेरा मागच्या खांबावर आहे!"

"अरेच्चा! सांगतो, सांगतो," औषधवाला म्हणाला. धापा टाकल्याचा आवाज आला. "सांगितलं ताई!"

पडद्यावर धाकटी अजून दिव्याकडेच हात हलवत होती.

"कुठे सांगितलंस? ती दिव्याशीच बोलतेय!"

"अहो, वळल्या त्या!"

"नाही वळली!"

"ताई, माझ्यासमोर उभ्या आहेत. तोंड कॅमेऱ्याकडे आहे."

"मी बघतेय ना इथे! पाठ आहे!"

दोघंही शपथेवर खरं बोलत होते. अखेर पडद्यावर औषधवाला दुकानातून धावत बाहेर आला, तेव्हा घड्याळजींनी मनगटावर बघून हिशेब केला. "हे चित्र जवळजवळ मिनिटभर मागे आहे," ते म्हणाले. आयुष्यात मागे पडलेलं काही त्यांना पहिल्यांदाच जुळवता येत नव्हतं.

आणि मग धाकटी वळली.

चेहरा हातभर मोठा दिसत होता. गालावरचा तीळ दिसत होता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली दिसत होती. तिने थेट मोठीकडे बघितलं, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि बोलायला लागली.

"आवाज वाढवा ना," गाल सुजलेले गृहस्थ म्हणाले.

"आवाज नाहीच त्याला. नुसतं चित्र येतं," मोठी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "तिला बिचारीला ते माहीत नसणार."

औषधवाला पडद्यावरून दुकानाकडे निघून गेला; दारात गिऱ्हाईक उभं असावं. धाकटी एकटीच बोलत राहिली. मध्येच थांबायची, हाताने काहीतरी लांबचं दाखवायची, मग स्वतःकडे बोट करायची. गडबडीचा आवाज ऐकून आतून डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले आणि टीव्हीसमोर उभे राहिले.

"डॉक्टर, तुम्ही दिवसभर लोकांची तोंडंच बघता," घड्याळजी म्हणाले. "काय म्हणतेय ती?"

डॉक्टरांनी डोळे बारीक केले. "डावीकडची खालची दाढ नाहीये."

"आणि?"

"वरच्यांनाही जपायला हवं."

"डी 'घर' म्हडाली," बधिर तोंडाच्या बाई ठामपणे म्हणाल्या.

"'घर' नाही, 'बरं' म्हणाल्या," सुजलेल्या गालाचं मत पडलं.

एवढ्यात हातातल्या फोनमधून औषधवाला म्हणाला, "ताई, त्यांचं बोलून झालं. त्या विचारतायत, तुमचं उत्तर काय?"

पडद्यावर धाकटी अजून बोलतच होती. भुवया वर गेलेल्या, ओठ घाईने हलत होते, जणू थांबलं तर उरलेलं बोलता येणार नाही. मोठीने फोन कानाशी घट्ट धरला. "ऐकू आलं नाही, परत सांग," असं सांगणं साधं होतं. पण मिनिटभर मागे असलेल्या बहिणीचं तोंड तिच्यासमोर होतं, आणि त्या तोंडाला "परत सांग" म्हणायचा तिला धीर होईना.

"हो म्हणून सांग," ती म्हणाली.

"नक्की ना? त्या म्हणतायत, नीट विचार करून सांगा."

"हो म्हटलं ना रे!"

मग सगळ्यांनी मिळून उरलेलं बोलणं पाहिलं, ज्याचं उत्तर आधीच देऊन झालं होतं. धाकटीचं बोलणं संपलं. तिने दुकानाकडे हात करून बोलावलं. औषधवाला फोन घेऊन आला, त्यात बोलला, थांबला, मग तिच्या कानाशी वाकून ओरडला. धाकटीने तोंडावर हात ठेवला. दोन पावलं मागे सरकली आणि बाकावर बसली. बाक न पुसताच.

सुजलेल्या गालाचे गृहस्थ नाक ओढत म्हणाले, "मासे नकोत आता."

घड्याळजी बायकोच्या कानाशी वाकले. "आपण 'हो' कशाला म्हणालो?"

"मला काय माहीत?"

पुढचे तीन दिवस घरात त्याच एका गोष्टीचा खल चालला. मोठीने शुक्रवारी औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मी गिऱ्हाइकापाशी होतो हो. नंतर विचारलं तर म्हणाल्या, ते आमच्या दोघींतलं आहे." घड्याळजींना वाटलं, तिला मांजर पाळायचं असेल. मोठीला वाटलं, ऑपरेशन असेल. "मांजरासाठी कुणी तोंडावर हात ठेवतं का?" ती म्हणाली. पाच वाजता दुसरा आकडा दाबल्यावर वरच्या जुन्या टीव्हीवर धक्का आता व्यवस्थित यायचा. शुक्रवारी बाक रिकामा होता. शनिवारीही रिकामाच. मोठी पडद्यासमोरून साडेसहापर्यंत उठली नाही. औषधवाल्याचा फोन लागेना. मोठी म्हणाली, "मी काय बोलून बसले? कशाला हो म्हटलं असेल मी?" आणि मग घड्याळजींनी तिच्याशी वाद घातला नाही.

रविवारी रात्री दाराची कडी वाजली. घड्याळजींनी दार उघडलं. बाहेर धाकटी उभी होती. एका हातात कापडी पिशवी, पायाशी एक जुनी बॅग, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

"भाऊजी, दोन दिवस सामान आवरण्यात गेले," ती म्हणाली. बऱ्याच वर्षांनी कुणाशी तरी बोलायला मिळालेल्या माणसासारखी ती जरा मोठ्यानेच बोलत होती. "भाड्याची खोली होती, ती सोडली. तिकडचं सगळं मिटवून आले. ताई कुठाय?"

ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. गुडघ्याचं तिला भान नव्हतं. ती दारापर्यंत आली आणि बहिणीकडे बघत राहिली. इतक्या जवळून, की कुठे बघावं ते कळेना.

"किती बारीक झालीस गं."

"टीव्हीत तर मी याहून बारीक दिसत असेन."

मोठी हसली नाही. तिला हे मनात ठेवून बहिणीला घरात घेणं जमेना. ती धाकटीच्या अगदी समोर आली आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणाली, "हे बघ, रागावू नकोस. त्या कॅमेऱ्यात आवाज येत नाही. तू त्या दिवशी काय बोललीस, त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही."

"मला माहितीये," धाकटी म्हणाली. "औषधवाल्याने आधीच सांगितलं होतं, की नुसतं चित्र जातं."

"मग एवढा वेळ काय बोलत होतीस?"

"तेच, की एकटीने आता होत नाही. दिवसभरात माझ्याशी बोलतो तो औषधवाला, तोही गोळ्या संपल्या की. तुझ्याकडे येऊन राहू का, असं विचारलं. सगळं विचारलं. ऐकू जात असतं, तर माझ्या तोंडातून निघालं असतं का ते?"

घड्याळजींनी बॅग उचलायला घेतली होती, ती त्यांनी तशीच हातात धरली.

"अगं पण," मोठी म्हणाली, "मी 'हो' न म्हणता 'काय म्हणालीस?' असं विचारलं असतं तर?"

"तर म्हटलं असतं, जेवण जातं ना नीट, एवढंच विचारत होते."

मोठीने तिच्या हातातली कापडी पिशवी काढून घेतली. "आत ये," ती म्हणाली. मग ऐकू गेलं नसेल असं वाटून जरा आवाज चढवून म्हणाली, "आत ये गं!"

"पहिल्याच वेळी ऐकू आलं मला," धाकटी म्हणाली. "पण अजून एकदा म्हण."